समुद्रकाठच्या महानगरात दोन रात्रींची चैन: नियोजन कसं करायचं

खोलीच्या नावात ‘सी व्ह्यू’ होतं. बाल्कनीत जायचं, उजवीकडच्या कठड्याला पोट टेकवायचं, मान बाहेर काढायची, की समोरच्या इमारतीवरच्या एसीच्या खोक्यांमधून वीतभर समुद्र दिसायचा. लग्नाचा वाढदिवस, त्यासाठी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे, आणि आम्ही दोघं त्या वीतभर समुद्रासाठी आळीपाळीने वाकतोय. रिसेप्शनवर गेलो, तर तिथल्या मुलीने अतिशय नम्रपणे आमच्याच बुकिंगचा कागद पुढे केला. ‘पार्शल’, म्हणजे अर्धवट, हा शब्द त्यावर स्वच्छ छापलेला होता. मी तो वाचलाच नव्हता.

त्यानंतर अशा सुट्ट्या बऱ्याच केल्या, आणि एक गोष्ट पक्की कळली. लांबच्या सहलीत एखादा दिवस वाया गेला तर भरून काढता येतो. दोन रात्रींच्या सुट्टीत एक दुपार गेली की मोठा लचकाच तुटतो. म्हणून अशा सुट्टीचा हिशोब मी पैशांत नंतर करते, आधी तासांत करते. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगते.

१. आधी जागे तास मोजा

समजा, शुक्रवारी संध्याकाळी ७ ला तुम्ही हॉटेलच्या खोलीत पोचलात आणि रविवारी संध्याकाळी ५ ला विमानतळाकडे निघालात. झाले ४६ तास. त्यातून दोन रात्रींची झोप, १६ तास, काढा. उरले ३०. आंघोळ, आवराआवर, सामान भरणं, गाडीची वाट बघणं यात पाच-सहा तास सहज जातात. म्हणजे ऑफिसात आपण ‘तीन दिवस सुट्टीवर आहे’ असं सांगून निघतो, ती सुट्टी प्रत्यक्षात २४-२५ तासांची असते.

आता फक्त विमानं बदला. शुक्रवारी दुपारी १ ला खोलीत, रविवारी रात्री ९ ला हॉटेलमधून बाहेर. रात्री तेवढ्याच, खोलीचं भाडं तेवढंच, पण तास झाले ५६, आणि वाढलेले दहाच्या दहा जागेपणीचे. अशा वेळेचं तिकीट थोडं महाग असलं तरी मी तेच घेते. स्वस्तात मिळालेलं पहाटेचं परतीचं विमान म्हणजे शेवटची रात्र गजराच्या धाकात काढणं.

विमान थेट हवं. दोन रात्रींसाठी मध्ये विमान बदलावं लागत असेल तर ते शहर मी यादीतून काढून टाकते, कितीही आवडतं असलं तरी. घरच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा वेळ धरा, विमानातला नव्हे. विमानतळ कुठला हेही बघा: टोकियोत हानेदा शहराला खेटून आहे, तर नारिता ६० किलोमीटरहून दूर. घड्याळातला फरक दोन-तीन तासांपलीकडे असेल तर विचार करा, कारण शरीराला नव्या वेळेत रुळायला साधारण तासामागे एक दिवस लागतो. फरक दोनच तासांचा असेल, तर मी सरळ घरच्या वेळेनेच जेवते आणि झोपते. शहराला काही फरक पडत नाही.

२. शहर आणि तारीख एकत्रच ठरतात

समुद्रकाठच्या शहरांची हवा कॅलेंडरचं ऐकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैत उन्हाळा समजून आलेले लोक धुक्यात कुडकुडत स्वेटर विकत घेताना दिसतात. तिथली खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. केपटाऊनचा उन्हाळा सुंदर, पण त्याच दिवसांत आग्नेयेकडून असा वारा सुटतो की टेबल माउंटनवर जाणारी केबलकार बंद ठेवावी लागते. शिवाय तिथल्या अटलांटिक बाजूच्या किनाऱ्यांवर भर उन्हाळ्यातही पाणी बर्फगार असतं. फोटो पाहून कळत नाही. मायामीसारखी शहरं अटलांटिक वादळांच्या पट्ट्यात येतात. तो मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर धरला जातो. त्या काळात गेलात तर रद्द करता येणारंच बुकिंग घ्या.

पोहायचं असेल तर एक लक्षात ठेवा: पाणी जमिनीपेक्षा उशिरा तापतं आणि उशिराच निवतं. भूमध्य समुद्राकाठी मे आणि सप्टेंबरची हवा पुष्कळशी सारखी असली, तरी मे महिन्यात पाय घातला की अंगावर काटा येतो आणि सप्टेंबरात बाहेर यावंसं वाटत नाही.

सूर्य कुठे बुडतो तेही नकाशावर बघून घ्या. समुद्रावरचा सूर्यास्त पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावरच दिसतो. सिडनी, मायामी बीच, बार्सिलोना इथे मोठा समुद्र पूर्वेच्या बाजूला आहे. तिथे सूर्यास्ताच्या वेळचं टेबल महागात घेऊन बसलात तर सूर्य पाठीमागच्या इमारतींत जातो. अशा शहरात पहाटे उठायचं, आणि खोली पूर्वेची मागायची.

मग तारखा. एकाच हॉटेलचा दर सलग सहा आठवड्यांसाठी काढून बघा. एखाद्या आठवड्यात तो दुप्पट दिसला तर शहरात काहीतरी मोठं आहे. बार्सिलोनात मोबाइल उद्योगाचं मोठं प्रदर्शन २००६ पासून भरतं, सिंगापूरमध्ये फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यत २००८ पासून होते. तुम्हाला त्यात रस नसेल तर त्या आठवड्यात जाणं म्हणजे जास्त पैसे भरून जास्त गर्दी विकत घेणं.

वारांचंही गणित असतं. व्यापारी भागातली हॉटेलं शुक्रवार ते रविवार स्वस्त होतात, कारण कोटवाले घरी जातात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं नेमकं उलट. मोठ्या शहरात ही दोन्ही हॉटेलं कधी कधी चालत जाण्याच्या अंतरावर असतात, आणि हा फरक माहीत असलेला माणूस शनिवारी बंदराकाठच्या उत्तम हॉटेलात बऱ्यापैकी कमी दरात राहतो. उलट रविवार-सोमवार अनेक शहरांतली नामांकित रेस्टॉरंटं आणि संग्रहालयं बंद असतात, ते आधीच बघा.

क्रूझच्या बोटी हा समुद्रकाठच्या शहरांचा खास विषय आहे. त्या सहसा सकाळी लागतात, हजारो माणसं जुन्या गावठाणात सोडतात आणि संध्याकाळी निघून जातात. व्हेनिसने तर १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना शहराच्या मधल्या कालव्यांतून जायला बंदी घातली. बहुतेक बंदरं कोणत्या दिवशी किती बोटी येणार याचं वेळापत्रक आधीच जाहीर करतात. जुना भाग बघायचा तो बोटी नसलेल्या दिवशी, नाहीतर सकाळी नऊच्या आत.

३. खोली: इथे घाई करू नका

दोन रात्रींच्या सुट्टीत सगळ्यात मोठा खर्च खोलीचा, आणि सगळ्यात मोठी फसगतही तिथेच. माझी ती ‘पार्शल’वाली कथा सांगून झालीच आहे. शब्द साधारण असे वाचायचे. ‘सी फ्रंट’ किंवा ‘ओशन फ्रंट’ म्हणजे खिडकीसमोर सरळ समुद्र. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो, किती ते सांगितलेलं नाही. ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे मान वाकडी करा. ‘सी साइड’ म्हणजे इमारतीची ती बाजू. समोर झाडं, वाहनतळ किंवा दुसरं हॉटेलही असू शकतं. आणि ‘रन ऑफ हाउस’ म्हणजे त्या दिवशी जी उरेल ती खोली. हे शब्द प्रत्येक हॉटेल आपापल्या सोयीने वापरतं, म्हणून उपग्रहाच्या नकाशावर हॉटेल आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे ते डोळ्यांनी बघा. पुष्कळदा मध्ये सहा पदरी रस्ता निघतो. हॉटेलने टाकलेले फोटो सोडा, पाहुण्यांनी खिडकीतून काढलेले बघा. गेल्या दोन महिन्यांतल्या अभिप्रायांत ‘बांधकाम’, ‘ड्रिलिंग’, ‘स्विमिंग पूल बंद’, ‘रात्री म्युझिक’ हे शब्द शोधा. जुने अभिप्राय वाचून काही उपयोग नाही. शेजारचा टॉवर गेल्याच महिन्यात सुरू झालेला असतो.

माझं एक मत, अनेकांना पटत नाही: बंदराकडची खोली उघड्या समुद्राकडच्या खोलीपेक्षा बरेचदा सरस असते. उघडा समुद्र दिवसा अप्रतिम, पण सूर्य गेला की खिडकीत नुसता काळोख. बंदर रात्रीही जागं असतं, दिवे, फेरीबोटींची लगबग. हाँगकाँग किंवा सिडनीला ‘हार्बर व्ह्यू’साठी लोक जास्त पैसे मोजतात ते उगीच नाही.

दुसरा नेहमीचा पेच: शहरातल्या पहिल्या नंबरच्या हॉटेलची साधी खोली घ्यावी, की दुसऱ्या नंबरच्या हॉटेलची उत्तम खोली? मी दुसरं घेते. मोठ्या हॉटेलची सगळ्यात खालच्या दरातली खोली बरेचदा मागच्या बाजूची, लिफ्टशेजारची असते. संगमरवरी लॉबीत तुम्ही दिवसातून दहा मिनिटं असता, खिडकीत मात्र पहाट आणि रात्र दोन्ही घालवता.

दर बघताना शेवटच्या पानावरचा आकडा बघा. कर, सेवा शुल्क, शहराचा पर्यटन कर, कुठे कुठे रिसॉर्ट फी, हे सगळं पहिल्या पानावर दिसेलच असं नाही. बुकिंग साइटवर तुलना करा, पण शक्यतो हॉटेलकडे थेट बुक करा. बदल करायचे असले, खोली चांगली मागायची असली, उशिरा सोडायची असली, तर थेट आलेल्या पाहुण्याचं जास्त ऐकलं जातं. आणि पैसे परत न मिळणारा स्वस्त दर तेव्हाच, जेव्हा विमानाचं तिकीट हातात आणि रजा मंजूर.

बुकिंगनंतर, जायच्या आठवडाभर आधी, हॉटेलला एक मेल टाका. लांबलचक नको. माझ्या मेलमध्ये चार ओळी असतात: आम्ही अमुक वाजता पोचतोय, खोली लवकर मिळाली तर आनंद होईल, वरचा मजला, लिफ्टपासून दूर, शेजारच्या खोलीत उघडणारं जोडदार नसलेली, एकच मोठा पलंग, दोन जोडलेले नकोत, लग्नाचा वाढदिवस आहे. शेवटची ओळ खरी असेल तरच लिहा. जोडदाराचं मात्र विसरू नका. त्या पातळ दारामागे शेजारच्या कुटुंबाचा टीव्ही रात्री बारापर्यंत ऐकला, की आलिशान या शब्दाचा अर्थ बदलतो.

विमान पहाटेचं असेल आणि खोली दुपारी ३ लाच मिळणार असेल तर दोनच शहाणे मार्ग आहेत. आदल्या रात्रीचं भाडंही भरून टाका, म्हणजे पोचल्या पोचल्या पलंग तुमचा. किंवा क्लब लाउंजची (ठरावीक महाग खोल्यांच्या पाहुण्यांसाठीचा बसायचा-खायचा कक्ष) खोली घ्या आणि खोली तयार होईपर्यंत लाउंज वापरता येईल का ते विचारून ठेवा. लॉबीतल्या सोफ्यावर पेंगत बसणं हा तिसरा मार्ग आहे, आणि तो मी वापरून पाहिलेला आहे.

४. पैशांची वाटणी

हे झटपट. शंभरातले ४५ खोलीला, २५ प्रवासाला, १५ जेवणाला, १० एका मोठ्या अनुभवाला, ५ हाताशी. विमान महाग निघालं तर जेवणातून कापा, खोलीतून नको. विमानतळावरून हॉटेलची गाडी घ्यायची की टॅक्सी, यावर लोक तासन्‌तास चर्चा करतात. रात्री उशिरा पोचत असाल तर गाडी आधी ठरवा, नाहीतर सोडून द्या. ज्या शहरात रेल्वे थेट गावात आणून सोडते, तिथे संध्याकाळच्या वाहतुकीत महागड्या गाडीत अडकण्यापेक्षा रेल्वे जास्त सुखाची.

५. तीनच गोष्टी आधी ठरवा

एक जेवण, एक पाण्यावरचा अनुभव, एक विश्रांतीचा. बाकी मोकळं ठेवा. पहिल्या सुट्टीत मी कागदावर सकाळी आठ ते रात्री अकरा सगळं भरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंही एका बाकावर बसून काहीच न बघता नुसते पाय चोळत होतो.

जेवणाचं आधी करा, कारण नामांकित रेस्टॉरंटं ठरावीक दिवस आधी, कुठे ३० तर कुठे ६०, टेबलं खुली करतात आणि ती काही मिनिटांत संपतात. ते जेवण पहिल्या रात्री ठेवू नका. विमान उशिरा आलं तर टेबलही जातं आणि आगाऊ भरलेली रक्कमही. मधली रात्र त्यासाठी. टेबल मिळालं नाही तर हॉटेलच्या कॉन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांची बुकिंगं आणि बाहेरची कामं करून देणाऱ्या कर्मचाऱ्याला, मेल करा. कोटाच्या दोन्ही कॉलरांवर एकमेकांवर ठेवलेल्या सोनेरी किल्ल्या दिसल्या तर तो ‘ले क्ले दॉर’ या संघटनेचा सदस्य आहे. पॅरिसमध्ये १९२९ साली सुरू झालेली ही कॉन्सिएर्ज लोकांची संघटना, आणि हे सदस्य एकमेकांना ओळखून असतात. त्याला ‘काहीतरी चांगलं सुचवा’ म्हणू नका. ‘दोघं आहोत, गोंगाट नको, पाणी दिसलं पाहिजे, आठच्या सुमाराला’ असं सांगा. नेमकं मागणाऱ्याला नेमकं मिळतं.

विश्रांतीचा अनुभव, मसाज म्हणा, स्पा म्हणा, पहिल्या संध्याकाळी. अंगातला प्रवास तेव्हाच उतरायला हवा. बहुतेक जण तो शेवटच्या सकाळी ठेवतात आणि तेल लावलेल्या केसांनी विमानतळावर धावतात.

६. पाण्यावर जाताना

बोट नेहमी सकाळी. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय, ते इथे कामाला येतात. दिवस चढतो तशी जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे जोर धरतात, पाणी खवळतं. सकाळी दहाला काचेसारखा असलेला समुद्र तीन वाजता त्याच बोटीला हलवून काढतो. खासगी बोट घेताना चार प्रश्न विचारा: चालवणारा परवानाधारक आहे का, लाइफ जॅकेट माणशी एक आहे का, इंधन दरात धरलंय का, आणि हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख. दोन रात्रींच्या पाहुण्याला ‘दुसरी तारीख’ म्हणजे काहीच नाही, म्हणून पैसे परत हेच लेखी घ्या. शक्यतो बोट पहिल्या पूर्ण सकाळी ठेवा. हवेने दगा दिला तर हाताशी आणखी एक सकाळ राहते. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. बोटीच्या मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा.

वाळूवर फेरफटका, समुद्रातले खडक, किनाऱ्यावरचं जेवण, असं काही मनात असेल तर भरतीचं कोष्टक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात लहान. ओहोटीला पाहिलेली रुंद पुळण उधाणाच्या भरतीला शिल्लकच राहत नाही, असे किनारे मी पाहिलेत. भूमध्य समुद्राकाठी मात्र बहुतेक ठिकाणी हा फरक इतका थोडा की बघायची गरज नाही.

शहरातल्या किनाऱ्यावर मोठ्या पावसानंतर लगेच पाण्यात उतरू नका. गटारांचं पाणी तिथेच येतं. सिडनीत तर सरकारी सल्लाच आहे: जोरदार पावसानंतर मोकळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर एक दिवस आणि बंदराच्या आत तीन दिवसांपर्यंत पोहणं टाळा. अनेक देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांची नजर असते. पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मधे.

७. दिवस कसा लावायचा

सकाळ पाण्याची, दुपार सावलीची, संध्याकाळ शहराची. दुपारी एक ते चार या वेळात खोलीवर परत येणं लोकांना पाप वाटतं, ‘एवढे पैसे भरून झोपायचं?’ पण त्या खोलीसाठीच तर पैसे भरलेत. दुपारी दोन तास पडलेला माणूस रात्री अकरापर्यंत ताजा असतो, म्हणजे तासांच्या हिशोबातही तो फायद्यात.

एका दिवसात शहराचा एकच भाग घ्या. गच्चीवरच्या रेस्टॉरंटात जात असाल तर वारा कसा असतो ते फोन करून विचारा आणि शाल बरोबर ठेवा.

आणि चैन म्हणजे दर वेळी महाग असं नाही. हाँगकाँगची स्टार फेरी, इस्तंबूलमध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या फेरीबोटी, सिडनीहून मॅनलीला जाणारी फेरी, या सगळ्या गावकऱ्यांच्या रोजच्या बोटी. अंधार पडायच्या अर्धा तास आधी चढा, आणि रांगेत पुढे राहून पाण्याकडची बाहेरची जागा पकडा. अशा एका फेरीवर शेजारी ऑफिसातून घरी चाललेली बाई डुलक्या घेत होती आणि मी तोंड उघडं टाकून दिवे लागताना बघत होते. आधीच्या दिवशीची शँपेनवाली बोट मला आता नीट आठवतही नाही.

८. बॅग

फक्त केबिन बॅग. पट्ट्यावर सामानाची वाट बघण्यात पाऊण तास जातो, आणि सामान हरवलं तर ते मिळेपर्यंत सुट्टी संपते. एक नीटसा पोशाख, कारण चांगल्या रेस्टॉरंटात चपला आणि अर्धी चड्डी चालत नाही. पोहण्याचे कपडे बॅगेत सगळ्यात वर, म्हणजे खोली मिळायच्या आधीही पूल वापरता येतो. द्रव पदार्थांच्या बाटल्या १०० मिलिलिटरच्या आत. बाकी हॉटेलात असतं.

९. शेवटचा दिवस

चेक-आउट बहुधा ११ किंवा १२ ला, आणि विमान रात्रीचं. मधले आठ-नऊ तास लोक बेघर असल्यासारखे काढतात. पोचल्याच दिवशी, सामान वर जायच्या आधी, रिसेप्शनवर विचारा: रविवारी खोली चारपर्यंत मिळेल का? रविवारी दुपारी व्यापारी भागातली हॉटेलं रिकामी असतात, त्यामुळे होकार मिळण्याची शक्यता चांगली. सकाळी चेक-आउटच्या रांगेत उभं राहून विचारलंत तर पुढच्या पाहुण्याला खोली दिलेली असते. फुकट नाही म्हणाले तर अर्ध्या दिवसाचं भाडं विचारा. माझ्या मते ते दिलेलं बरं.

तेही नाही जमलं, तर सामान बेलडेस्कवर ठेवून द्या, विमानात घालायचे कपडे वेगळ्या छोट्या पिशवीत काढा आणि दुपार स्विमिंग पूलवर घालवा. स्पाच्या किंवा जिमच्या चेंजिंग रूममध्ये शॉवर असतो, टॉवेल असतात. संध्याकाळी तिथे आंघोळ करून निघता येईल का हे चेक-आउट करतानाच विचारून ठेवा. बिल सकाळीच नीट तपासून भरा, मिनीबारच्या ओळीसकट. आणि गाडी सांगाल तेव्हा कॉन्सिएर्जला विमानाची वेळ सांगून विचारा की रविवारी संध्याकाळी विमानतळाचा रस्ता किती तुंबतो. किनाऱ्यावर आलेलं अख्खं शहर त्याच वेळी घरी परतत असतं.